वाचकांचे प्रश्न : जमीन न्यासाच्या नावावर झाल्यानंतर

प्रश्न : आम्ही काही समविचारी मंडळी जंगलाचा एक तुकडा आणि त्याला लागून असलेली पाणथळ जागा विकत घेऊन ती संवर्धन न्यासाच्या नावे करू इच्छितो. जमीन एकदा न्यासाची झाली, की ती कायमची सुरक्षित झाली असे धरून चालावे का?

उत्तर : तसे धरून चालू नये. खरेदीखतावर न्यासाचे नाव चढले, की झाडे तोडू पाहणारा किंवा भराव टाकू पाहणारा मालक दूर होतो, एवढेच त्या घडीला साधते. उद्या विश्वस्त बदलले, निधी आटला किंवा जमिनीच्या चढत्या भावाचा मोह विश्वस्तांनाच पडला तर काय, याचे उत्तर खरेदीखतात सापडत नाही. ते न्यासाच्या घटनापत्रात आणि देशाच्या कायद्यात असावे लागते. या क्षेत्रातील जुन्या संस्थांनी हे लवकर ओळखले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या खटपटीतून १८९१ साली विधिमंडळाच्या कायद्याने एक संस्था स्थापन झाली, जिने निसर्गरम्य जमिनी लोकांसाठी आपल्या ताब्यात ठेवाव्यात अशी योजना होती. १८९५ साली ब्रिटनमध्ये नॅशनल ट्रस्ट उभा राहिला आणि १९०७ च्या कायद्याने त्याला आपल्या जमिनी ‘अहस्तांतरणीय’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार मिळाला. अशी घोषणा झालेली जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा निर्णय पुढचे विश्वस्त आपल्या मर्जीने घेऊ शकत नाहीत.

जेथे असे कवच नाही, तेथे निदान घटनापत्र तरी पक्के करावे. न्यास विसर्जित झाला तर जमीन समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडेच जाईल, विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांना तिच्यातून काही मिळणार नाही, आणि तारण म्हणून ती कोठेही ठेवली जाणार नाही, ही कलमे चांगल्या वकिलाकडून लिहून घ्यावीत. दुसरी गोष्ट पैशाची. बहुतेक मंडळी सगळी वर्गणी खरेदीतच संपवतात आणि मग हद्दीची मोजणी, राखणदाराचा पगार, तणांचा बंदोबस्त व प्रसंगी कोर्टकचेरी यांसाठी दरवर्षी हात पसरत राहतात. देखभालीचा निधी खरेदीपूर्वीच वेगळा बाजूला काढता येत नसेल, तर थोडी कमी जमीन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जागेला कुंपण घालून माणसांचा वावर बंद केला, तर निसर्ग आपोआप सावरणार नाही का?

उत्तर : काही जंगले सावरतात. पाणथळ जागेच्या बाबतीत मात्र कुंपणाचा उपयोग फार थोडा, कारण ज्या पाण्यावर तिचे सारे अवलंबून आहे ते बहुधा हद्दीबाहेरून येते आणि हद्दीबाहेरच्या चरांतून निघूनही जाते. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यातल्या विकेन फेन या दलदलीचा इतिहास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. नॅशनल ट्रस्टने १८९९ साली तेथील दोन एकरांचा तुकडा १० पौंडांना घेतला आणि पुढे खरेदी व देणग्यांतून हे क्षेत्र वाढत गेले. तेथील लव्हाळ्यासारखे उंच गवत छपरे शाकारण्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या कापून नेत असत. ही कापणी ओसरली तशी मोकळ्या दलदलीत झुडपे शिरली आणि उघड्या ओल्या जागेवर जगणाऱ्या वनस्पतींची व कीटकांची जागा आकसली. म्हणजे ज्या वावराला आपण उपद्रव समजतो, त्याच्यावरच त्या दलदलीचे रूप टिकून होते.

पाण्याची अडचण तर त्याहून अवघड निघाली. भोवतालची जमीन शेतीसाठी निचरा करून सुकवल्यामुळे तिथला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर आक्रसला, हवेशी संयोग पावून झिजला आणि शेते खाली बसत गेली. त्याच परगण्यातील होम फेन येथे १८५१ साली जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबाचा माथा तेव्हा जमिनीच्या पातळीवर होता. आज तो सुमारे ४ मीटर उघडा उभा आहे. शेजार असा खचल्यावर राखलेली दलदल सभोवतालच्या शेतांपेक्षा उंच राहते आणि तिचे पाणी कडांतून बाहेर झिरपू लागते. विकेन फेनचे बांध शेवटी पाणी न झिरपणारे आच्छादन आत घालून अडवावे लागले. म्हणून जागा घेण्यापूर्वी पाणी कोठून येते, कोणत्या महिन्यात किती उंचीपर्यंत राहते आणि वरच्या अंगाचे चर कोणाच्या ताब्यात आहेत, हे एक पूर्ण वर्षभर नोंदवून पाहावे. साधी खुणांची पट्टी रोवून आठवड्यातून एकदा नोंद घेतली, तरी पुष्कळ कळते.

प्रश्न : मला जमीन विकायची नाही आणि दानही करायची नाही, परंतु माझ्यामागे तिथे इमारती उठू नयेत असे वाटते. काही मार्ग आहे का?

उत्तर : ज्या देशांच्या कायद्यात संवर्धन कराराची तरतूद आहे, तेथे आहे. अशा करारात मालकी, राहण्याचा व विकण्याचा हक्क आपल्याकडेच राहतो. फक्त बांधकाम करण्याचा, तुकडे पाडण्याचा किंवा निचरा करण्याचा हक्क आपण कायमचा सोडून देतो आणि त्याच्या पालनावर नजर ठेवण्याचा अधिकार न्यासाला देतो. हे बंधन जमिनीला चिकटलेले असल्याने वारसांना आणि पुढील खरेदीदारांनाही ते लागू होते.

करारावर सही होण्यापूर्वी न्यास जागेचा प्रारंभिक अहवाल तयार करतो. त्यात नकाशा, ठरावीक बिंदूंवरून ठरावीक दिशेने घेतलेली छायाचित्रे, असलेल्या वाटा, विहिरी आणि पडक्या भिंतीसुद्धा नोंदलेल्या असतात. हा अहवाल कंटाळवाणा वाटला तरी शब्दन्‌शब्द वाचून मगच सही करावी. वीस वर्षांनी ‘ही शेड आधीपासून होती’ असा वाद निघाला, तर निकाल त्याच्यावरच लागतो. न्यासाचा माणूस दरवर्षी प्रत्यक्ष येऊन पाहणी करतो का, हेही विचारून घ्यावे. करसवलतीच्या आशेने मात्र या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत काही गुंतवणूकदार गटांनी जमिनींचे मूल्य फुगवून अशा करारांवर मोठमोठ्या वजावटी लाटल्या, आणि त्यांना आळा घालण्यासाठी २०२२ च्या अखेरीस तेथील संसदेला (काँग्रेसला) कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली.

प्रश्न : आमच्याजवळ पैसा थोडा आहे. एखादे हंगामी डबके तेवढे घेतले तर चालेल का?

उत्तर : डबके लहान म्हणून कमी मोलाचे नसते. ते दरवर्षी आटते, म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसल्यामुळेच बेडकांची पिल्ले तिथे मोठ्या संख्येने वाचतात. परंतु अनेक जातींचे बेडूक विणीचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर आसपासच्या झाडोऱ्यात, पालापाचोळ्याखाली राहतात आणि पाण्यापासून शेकडो मीटर दूर जातात. तो झाडोरा तुटला, तर आपल्या मालकीच्या डबक्यात अंडी घालायला कोणी उरणार नाही. शक्य असल्यास डबक्याच्या मालकाशी वर सांगितल्याप्रमाणे करार करावा आणि हाती असलेला पैसा लगतच्या झाडोऱ्याच्या खरेदीला लावावा.