वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातील पहाटेची हवा

प्रश्न : माझे वय ६६ असून मला सौम्य दमा आहे. अनेक वर्षांपासून मी पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जातो. थंडी पडल्यापासून मात्र घरी परतताना छातीत घरघर होते. एक अ‍ॅप त्याच दिवशीची हवा ‘मध्यम’ दाखवते, तर दुसरे ती ‘अपायकारक’ असल्याचे सांगते. मी फिरणे बंद करावे का?
— एक वाचक, शरणपूर रस्ता, नाशिक

उत्तर : फिरणे बंद करू नये, वेळ बदलावी. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते, हा आपला पिढीजात समज आहे. शहरातील हिवाळ्यापुरता तो बाजूला ठेवावा लागेल. निरभ्र आकाशाच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. त्यामुळे शेकोट्या, पाणी तापवण्याचे बंब, पेटवलेला कचरा आणि महामार्गावरील अवजड वाहने यांचा धूर वर न जाता आपण श्वास घेतो त्याच उंचीवर साचून राहतो. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण मोडते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-साडेनऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास फिरावे. त्या वेळी मैदानावर नेहमीची मंडळी भेटणार नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. त्यांनाही हे उत्तर वाचायला द्यावे.

दोन अ‍ॅपमधील फरकाचे कारण मोजपट्टीत आहे. केशाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक कण ‘पीएम २.५’ या नावाने मोजले जातात. ते फुफ्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात, त्यांतील काही रक्तातही उतरतात, आणि म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांनाही त्यांच्यापासून धोका असतो. हवेत या कणांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल, तर हवेच्या गुणवत्तेचा भारतीय निर्देशांक (एक्यूआय) १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५० च्या पुढे जाऊन ‘अपायकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा तर केवळ १५ मायक्रोग्रॅम आहे. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवरील आकडा मागील चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो, त्यामुळे पहाटेची सर्वांत वाईट घटका त्यात झाकली जाते. ‘मध्यम’ हा शब्दही फसवा आहे : १०१ ते २०० या टप्प्यात दमा आणि हृदयविकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो, असे भारतीय निर्देशांकच सांगतो. आपल्यासारख्यांनी आकडा १०० ओलांडताच भरभर चालणे कमी करावे आणि २०० ओलांडल्यावर घरातच व्यायाम करावा.

घरघर मात्र केवळ हवेवर ढकलू नये. पुष्कळ रुग्ण बरे वाटू लागले की दम्याला आवर घालणारा रोजचा पंप परस्पर बंद करतात आणि धाप लागल्यावर घ्यायच्या पंपावरच भिस्त ठेवतात. आपले तसे झाले असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून औषध पुन्हा ठरवून घ्यावे. एक वाक्यही सलग बोलता येऊ नये इतकी धाप लागली किंवा ओठ निळसर पडले, तर मात्र वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : आमचे घर सातपूरला असून समोर रस्ता खोदलेला आहे. नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत जाताना रुमाल बांधून देते. ते पुरेसे आहे का? हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : रुमालाने डोळ्यांना दिसणारी जाड धूळ काही प्रमाणात अडते, बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी ते अडवते, पण चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटून बसली तरच. मोठ्यांच्या मापाची मुखपट्टी लहान चेहऱ्यावर ढिली राहते, म्हणून मुलाच्या मापाचीच घ्यावी. त्यातून त्याला श्वास जड वाटत असेल, तर बळजबरी करू नये.

यंत्र घ्यायचेच असेल, तर हेपा गाळणीचे, म्हणजे अतिशय बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचे, आणि खोलीच्या आकाराला पुरेल असे घ्यावे. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नये, कारण तो वायू स्वतःच श्वासनलिकेला झोंबतो. त्याआधी बिनखर्चाचे उपाय करावेत. कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, रस्त्याकडील खिडक्या सकाळी बंद ठेवून दुपारी उघडाव्यात, आणि बंद खोलीत धूप, उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये.

प्रश्न : रोज गूळ खाल्ल्याने आणि वाफ घेतल्याने फुफ्फुसांतील धूळ निघून जाते का?

उत्तर : नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसांत नाही. वाफेने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु खोलवर गेलेले कण तिने निघत नाहीत. आणि दम्याच्या काही रुग्णांना गरम वाफेनेच खोकल्याची उबळ येते, त्यामुळे पहिला प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी ती टाळलेलीच बरी.