रोज बॅगेत टाकायला कोणती हार्ड डिस्क घेऊ?

प्रश्न : मी पक्ष्यांचे फोटो काढते. लॅपटॉप भरत आलाय. सोबत नेता येईल अशी छोटी, हलकी हार्ड डिस्क हवी आहे. काय बघून घेऊ?

उत्तर : ताई, हार्ड डिस्कच घ्यायची तर २.५ इंचीच घ्या. तिला वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. ३.५ इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. ती टेबलावरच बरी.

पण तुमची सतत फिरती, म्हणून माझं स्पष्ट मत एसएसडीच्या, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या, बाजूने आहे. हार्ड डिस्कच्या आतल्या तबकड्या मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरतात आणि डेटा वाचणारं टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. चालू असताना डिस्क पडली आणि ते टोक तबकडीवर आपटलं, की फोटो गेलेच म्हणून समजा. एसएसडीत हलणारा भागच नसतो, वजनही बरंच कमी. महाग पडते, हे खरं. त्यामुळे फिरतीवर एसएसडी आणि घरी जुन्या फोटोंसाठी हार्ड डिस्क, अशी वाटणी मला पटते.

२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसली तर घाबरू नका, फरक मोजण्याच्या पद्धतीतला आहे. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरणार असाल तर डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये (फाइली मांडण्याची दोन्हींना चालणारी पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, मोठे व्हिडिओ अडकतात.

आणि कळकळीने सांगते, दुसऱ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय लॅपटॉपमधले फोटो अजिबात उडवू नका.