रेशी मशरूमच्या अर्काने इम्युनिटी खरंच वाढते का? कोणत्या कंपनीचं घ्यावं?

कंपनीचं नाव माझ्याकडून मिळणार नाही. 'वाढते का' एवढ्यापुरतं लिहिते, कारण याच कॅप्सूलवरून आमच्याकडे ऐन दिवाळीत फराळाच्या ताटांवर भांडण झालंय.

मी अंबडला एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजी बघते. आमच्या नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, किडनी ट्रान्सप्लांट झालंय. धाकटे दीर चेन मार्केटिंगमध्ये शिरले आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांना वडीलच सापडले. "वहिनी, नैसर्गिक आहे, इम्युनिटी बूस्ट होते, साइड इफेक्ट शून्य."

अहो, नानांची इम्युनिटी वाढू नये म्हणून तर आम्ही दर महिन्याला मेडिकलचं बिल भरतो! प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या गोळीचं पाकीट फोडलं की येणारा तो उग्र वास आमच्या सगळ्या घराला पाठ आहे. आणि हे सायक्लोस्पोरिन आलं कुठून? नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या टोलिपोक्लॅडियम नावाच्या बुरशीतून. टी-पेशी म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांच्यातलं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम ते अडवतं, त्यामुळे इंटरल्युकिन-२ हा हल्ल्याचा निरोप तयार होत नाही आणि दुसऱ्याच्या किडनीवर हल्ला होत नाही. एक बुरशी प्रतिकारशक्ती दाबते, दुसरी चेतवते, आणि भावजी दोन्ही एकाच माणसाला द्यायला निघाले होते. नैसर्गिक तर दोन्ही आहेत.

आता चेतवते म्हणजे काय, तर रेशी, शिताके, टर्की टेल या मशरूमांच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाचं एक पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, असतं. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, डेंड्रिटिक पेशी या आपल्या पहारेकरी पेशींवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर ते ओळखतो. शरीरात बुरशी शिरली असं समजून या पेशी कामाला लागतात, सायटोकाइन म्हणजे निरोप देणारी प्रथिनं सोडतात, पुढे एनके (नॅचरल किलर) पेशीही हलतात. हे खोटं नाही. पण यातलं बरंचसं संशोधन लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर झालेलं आहे, आणि तिथे एक गोम आहे. अर्कात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, राहिलं असेल तर मॅक्रोफेज त्यानेही तसेच चवताळतात. श्रेय मात्र मशरूमला. हे एंडोटॉक्सिन शोधणारी आमची रोजची एलएएल टेस्ट, ट्यूब ३७ अंशांवर तासभर ठेवायची आणि उलटी करायची, जेल जागेवर घट्ट राहिलं तर पॉझिटिव्ह, तीसुद्धा इथे फसते. बीटा-ग्लुकनमुळेही जेल धरतं. त्यासाठी वेगळा ब्लॉकर बफर वापरावा लागतो. एखाद्या पेपरमध्ये ही काळजी घेतलेली दिसली नाही तर मी पुढे वाचत नाही.

भावजींना हे सगळं सांगून उपयोग नव्हता. म्हणून एक कॅप्सूल फोडली, पावडर पाण्यात उकळली, गार होऊ दिली आणि वर नानांच्या ड्रेसिंगच्या डब्यातलं बेटाडीन टाकलं. बेटाडीनमधल्या आयोडीनने काळंनिळं झालं, शाईसारखं. म्हणजे स्टार्च! मशरूमच्या फळात स्टार्च नसतो. तांदळावर किंवा गव्हावर मायसेलियम, म्हणजे बुरशीचे मुळांसारखे धागे, वाढवून धान्यासकट दळलं की तो येतो. लेबलवर 'पॉलिसॅकराइड ४०%' छापलेलं. अहो, पॉलिसॅकराइड तर भातातही असतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशांत तांदळाचं पीठ?" त्यानंतर भावजींनी चकलीसुद्धा घेतली नाही.

जपानमध्ये टर्की टेलपासूनचं पीएसके हे औषध १९७७ पासून बरीच वर्षं कॅन्सरच्या रुग्णांना देत असत, शिताकेतलं लेंटिनन इंजेक्शनमधून. दोन्ही केमोच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीत. रेशीबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात म्हटलंय की कॅन्सरवर पहिल्या फळीचा उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा नाही, फार तर जोडउपचार. धडधाकट माणसाने सर्दी होऊ नये म्हणून रोज गिळावं, असं यातून कुठेच निघत नाही.

तुम्ही घ्यायचंच ठरवलं असेल तर लेबलवर 'बीटा-ग्लुकन' किती टक्के हे वेगळं लिहिलंय का आणि अर्क फळाचा आहे की मायसेलियमचा, एवढं बघा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, ल्युपस किंवा संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल, अवयव बदललेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रेशी पावडरीने लिव्हर बिघडल्याच्या केसेसही नोंदवलेल्या आहेत. आणि हो, बेटाडीनची चाचणी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. कॅप्सूलमध्ये भर म्हणून स्टार्च घातला असेल तरी रंग येतो. पण मग भर किती घातली, हेही त्यांनी छापायला नको का?

भावजी, हे तुम्ही वाचणारच, तेव्हा इथेच विचारते: त्या बॅचचा बीटा-ग्लुकनचा लॅब रिपोर्ट 'वरून मागवतो' म्हणाला होतात, तो कधी येतोय?