टोळ की नाकतोडा?

प्रश्न असा : टोळ आणि नाकतोडा ही एकाच किड्याची दोन नावे आहेत का? असतील, तर आपण ‘टोळधाड’ म्हणतो, नाकतोड्यांची धाड का म्हणत नाही?

आधी बोलण्यातला वापर बघू. नाकतोडा बहुधा एकटा भेटतो : खिडकीच्या गजावर, नाहीतर पोरांच्या काड्यापेटीत. टोळ म्हटले की थवाच. एक टोळ, हजार टोळ. अनेकवचनातही शब्द जागचा हलत नाही. सुट्टीत घरी उतरलेल्या पाहुण्यांना आपण टोळधाड म्हणतो. एकट्या आगंतुकाला कोणी टोळ म्हणत नाही.

गंमत म्हणजे किड्याचे चरित्रही असेच आहे. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा मातकट रंगाचा, रात्री उडणारा, जातभाईंना टाळणारा, म्हणजे चक्क नाकतोडा! पाऊस चांगला झाला की ओल्या वाळूतल्या अंड्यांतून पिल्ले भरमसाट निघतात. पुढे गवत वाळते आणि उरल्यासुरल्या हिरवळीवर सगळ्यांची दाटी होते. मागच्या पायांना सतत धक्के लागत राहिले की काही तासांतच स्वभाव पालटतो आणि तोच किडा घोळक्याकडे ओढला जातो. रंगाला जास्त वेळ लागतो. पिल्ले पिवळी-काळी होतात, नवे पंखवाले गुलाबी, वयात आलेले पिवळेधमक. आता उडणे दिवसा.

इथे शास्त्रज्ञही फसले होते. लोकस्टा या टोळांच्याच दुसऱ्या एका वंशातली एकांडी आणि थव्यातली रूपे दोन वेगळ्या जाती मानली जात. ती एकाच जातीची आहेत, हे १९२१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी मांडले.

उलट बाजूने मात्र हे लागू नाही. बहुतेक नाकतोडे कितीही दाटीत राहिले तरी टोळ होत नाहीत. म्हणून ‘भातावर नाकतोडे पडले’ हेच बरोबर. आणि लांबलचक मिशांचा, पानासारखा हिरवा जो किडा रात्री दिव्यापाशी येतो, त्यालाही आपण नाकतोडाच म्हणतो. खरे तर तो रातकिड्याचा जवळचा भाऊबंद.

मे २०२० मध्ये विदर्भात अमरावती-नागपूरकडे थवे उतरले, तेव्हा लोक थाळ्या बडवत शेतांत धावले. अशा थव्यातून मागे राहिलेला एखादा चुकार किडा कुंडीत दिसला, तर त्याला काय म्हणावे? मी टोळच म्हणेन. रंग अजून उतरलेला नसतो.