आळशी झालाय की आजारी, तेवढंच सांगा

पावसाळ्यातला गुरुवार होता. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या ज्या आरोग्य केंद्रात मी आठवड्यातून एकदा बसते, तिथे एक आई रांगेत मुद्दाम मागे मागे राहत होती. सगळे गेल्यावर आत आली, दार लोटलं आणि उभ्यानेच म्हणाली, "ताई, मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेजात तीन विषय राहिले तेव्हापासून दिवसभर झोपतो आणि रात्रभर मोबाइल. आळशी झालाय की आजारी, तेवढंच सांगा. पण बांबोळीला न्या म्हणू नका. त्याच्या बहिणीचं लग्न व्हायचंय."

हा प्रश्न मला इतक्या आया विचारतात की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, गुडघा दाखवायला जाणारा माणूस कदंबच्या बसमध्ये शेजारच्याला सांगत सांगत जातो. त्याच बांबोळीतल्या मानसोपचार संस्थेत जायचं असलं की आवाज खाली येतो. त्या आईची भीती खोटी नव्हती. मी तिला एवढंच विचारलं, "आळशी माणसाला लोळण्यात सुख वाटतं. त्याला वाटतं का?"

ती खुर्चीवर बसली. "नाही हो. घुमट वाजवायचा, चवथीला पाच-पाच घरं फिरायचा. तेही सोडलं." घुमट म्हणजे चवथीला, गणेशचतुर्थीत, आरत्यांबरोबर वाजवतात ते मातीचं, कातडं लावलेलं वाद्य.

जे मनापासून आवडत होतं तेच दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोसं झालं, त्यासोबत झोप आणि भूक बिघडली, तर तिथे आळस हा शब्द बाजूला ठेवावा. लोकांच्या बोलण्याचं म्हणाल तर आरोग्य केंद्रात ताप, प्रेशर, साखर सगळ्यांसाठी लोक येतात, कोण कशाला आलं हे कुणी विचारत नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. मुलगा सज्ञान, म्हणून तो काय बोलला ते मी आईलाही सांगणार नव्हते. हे ऐकून ती जरा खट्टू झाली. जिवाला धोका दिसला तर मात्र लपवणार नाही, हे मी दोघांनाही आधीच सांगितलं.

पुढच्या गुरुवारी तो आला. मी नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची नेहमीची प्रश्नावली घेतली. २७ पैकी १७ गुण, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी खोल. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. पालकांना वाटतं, विचारलं तर ते मुलाच्या डोक्यात भरेल. तसं होत नाही. तो खाली बघत म्हणाला, "वाटतं कधी कधी, नसतो तर बरं." मग मी थेट विचारलं, काही ठरवलंयस का? नाही म्हणाला, आणि खांदे सैल सोडले. ठरवलं असतं तर त्याच दिवशी सोबत माणूस देऊन बांबोळीला पाठवलं असतं, लग्न असो वा नसो. रात्री-अपरात्री फोन करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून घेतला.

मी डॉक्टर नाही, प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक आहे. आमची पद्धत गोव्यातच तपासली गेली. 'संगाथ' संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. माझ्यासारख्या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ भेटी झालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य तीन महिन्यांत ओसरलं, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांचं ३९ टक्के. पद्धत साधी आहे. मन लागलं की करीन, असं मूल म्हणतं. नैराश्यात क्रम उलटा लागतो. आधी हात लावायचा, मन मागून येतं.

पण हात लावायला काय द्यायचं, तिथे मी चुकले. रोज सकाळी सहाला उठून फिरायला जा, असं वहीत लिहून दिलं. तो दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी उठला नाही, आणि त्याच्या हिशेबात आणखी एक विषय राहिला. वर वडिलांनी मोबाइल काढून घेतला. पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही.

मी वडिलांना बोलावलं. एके काळी खाणीचा माल वाहणारा त्यांचा स्वतःचा ट्रक होता. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. ते बराच वेळ टेबलावरच्या बीपीच्या यंत्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "मीही तेव्हा असाच पडून असायचो, बाई. मला कुणी विचारलं नाही." मी काहीच बोलले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइल परत दिला आणि मुलाच्या खोलीत नुसते बसून राहिले, हे मला पुढे मुलानेच सांगितलं.

दुसऱ्यांदा मी लहान काम दिलं. घुमट वाजवायचा नाही, फक्त खुंटीवरून उतरवायचा. पावसाच्या दमटपणाने कातडं ढिलं पडलं होतं, थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. ऊन पडेल तेव्हा अंगणात ठेवायचा, एवढंच. चौथ्या दिवशी घुमटाला साथ देणारा शामेळ, म्हणजे छोटा ढोल, वाजवणारा वाड्यावरचा मित्र कुंपणावरून ओरडला, "अरे, तो घेऊन ये की!" त्या मित्राने जे केलं ते माझ्या वहीतल्या कुठल्याही तक्त्याने झालं नसतं. वाड्यावरच्या पोरांना मी आता हेच सांगते: उपदेश करू नका, हाक मारा.

चवथीच्या आधीच्या गुरुवारी त्याचा निरोप आला, "मॅडम, आज आरत्यांची तालीम आहे, पुढच्या वेळी येतो." पुढच्या भेटीत गुण ८ झाले होते. तीनपैकी एका विषयाचा फॉर्म त्याने भरला होता, दोन अजून बाकी. वाईट दिवस येतात, तेव्हा तो निदान आंघोळ करून अंगणात बसतो.

आई परवा पुन्हा आली, या वेळी रांगेत पुढे. बरोबर शेजारीण होती. "हिची मुलगी दहावीला आहे," म्हणाली, "जेवत नाही. मी हिला सांगितलं, आमचा इथेच यायचा."