ज्वालामुखीची राख पडली तर वीज, पाणी, रस्ते यांना किती धोका आहे हे कसे मोजतात? कोकणाला त्याची भीती आहे का?

आपण स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि गाव गुहागरकडचे आहे, असे प्रश्नात लिहिले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीची राख गुजरात, राजस्थान आणि दिल्लीवरून वाहत गेल्याच्या बातम्या वाचून आपल्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: अशी राख जमिनीवर पडली तर नुकसानीचा अंदाज कसा बांधतात, आणि कोकणाने त्याची काळजी करावी का. मी ज्वालामुखीचा अभ्यासक नाही. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रालगतच्या ३३ आणि ११ केव्ही (हजार व्होल्ट) वाहिन्यांच्या देखभालीत माझी नोकरी गेली आणि इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या भागावर, बसणाऱ्या मिठाचा माग काढता काढता मी या विषयापर्यंत पोहोचलो. त्यामुळे उत्तरात विजेचा भाग जास्त येईल.

आधी ‘राख’ हा शब्दच बाजूला ठेवून विचार करावा लागतो. आपल्या डोळ्यांसमोर चुलीतली राख येते. ती मऊ, हलकी, भांडी घासायला घेतली की पाण्याबरोबर निघून जाणारी असते. ज्वालामुखीच्या राखेत काहीही जळलेले नसते. दोन मिलीमीटरपेक्षा बारीक असे ते दगडाचे, खनिजांचे आणि काचेचे कण असतात, कठीण आणि धारदार. ते पाण्यात विरघळत नाहीत, पण त्यांच्या अंगाला चिकटून आलेले सल्फेट, क्लोराईड आणि फ्लोराईडचे क्षार मात्र विरघळतात. कोरडी राख वीज जवळजवळ वाहू देत नाही आणि ओली झाली की वाहू देते. पुढचे बरेचसे यातूनच समजते.

याचा कोकणातला अनुभव सांगतो. पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा आणि धुळीचा थर चढवत राहतो, आणि तेवढे महिने काहीही होत नाही. मग मेच्या शेवटी एखाद्या रात्री नुसते शिंतोडे पडतात, अंगण धड भिजतही नाही, आणि फीडर ट्रिप होतो, म्हणजे त्या वाहिनीची वीज आपोआप बंद पडते. पुन्हा चालू केला की पुन्हा ट्रिप. अशाच एका रात्री माडाच्या आगराला लागून असलेल्या खांबाखाली आम्ही उभे होतो. वर इन्सुलेटरच्या डिस्कवर (तबकडीवर) निळसर ठिणग्या सरकत होत्या आणि तेलात ओले वडे सोडल्यासारखा चर्र आवाज येत होता. परमिट घेऊन, लाईन अर्थ करून वायरमन वर चढला आणि फडके फिरवून खाली आला, तेव्हा त्या फडक्यावर पांढुरका चिकट लेप होता. जोराचा पाऊस झाला असता तर तो लेप धुऊन गेला असता. घात केला तो शिंतोड्यांनी.

ज्वालामुखीच्या राखेने नेमके हेच होते, फक्त सात-आठ महिन्यांचे काम एका दुपारीत उरकते. भिजलेल्या थरातून इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर गळती प्रवाह वाहू लागतो, त्याच्या उष्णतेने मधले पट्टे सुकतात, त्या सुक्या पट्ट्यांवरून ठिणगी उडी मारते, आणि ठिणग्या एकमेकींना मिळाल्या की फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरवरून थेट खांबाकडे झेप घेते. १९८० साली अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सच्या उद्रेकानंतर हलक्या पावसाने असे बिघाड झाले. २००८ साली चिलीतील चैतेनच्या उद्रेकानंतर फुतालेउफू या गावाला वीज देणारी ३३ केव्ही वाहिनी याच कारणाने त्रास देत राहिली. काही मिलीमीटर ओला थरसुद्धा यासाठी पुरतो.

म्हणूनच धोका मोजताना ‘किती सेंटिमीटर राख पडेल’ एवढाच प्रश्न विचारणे मला अपुरे वाटते. त्या राखेला त्या दिवशी पाणी किती आणि कसे लागेल, हा दुसरा प्रश्न त्याच्याइतकाच वजनाचा आहे. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समध्ये पिनाटुबोचा मुख्य उद्रेक झाला त्याच दिवशी तेथून एक चक्रीवादळ जात होते. छपरांवर पडलेली राख पावसाने भिजून जड झाली आणि त्या उद्रेकातील बहुतेक मृत्यू छपरे कोसळून झाले. गणित करून पाहा. ओल्या राखेचे वजन घनमीटरला १,००० ते २,००० किलोच्या दरम्यान असते. मधले १,५०० धरले तर १० सेंटिमीटर थराचे चौरस मीटरला १५० किलो होतात, म्हणजे १५ बाय २० फुटांच्या एका खोलीच्या छपरावर चार टनांहून जास्त भार. आपल्याकडच्या उतरत्या कौलारू छपरावरून काही राख घसरून जाईल, पण कमी उताराच्या पत्र्यांवर ती बसून राहील. भिंती जांभ्याच्या कितीही भक्कम असल्या तरी वासे आणि रिपा आधी जातात.

आता मोजण्याची पद्धत. अभ्यासक प्रथम आसपासचे ज्वालामुखी, त्यांच्या जुन्या उद्रेकांचे आकार आणि त्यांतील कालांतर पाहतात. जुन्या राखेचे थर खणून, जाडी मोजून, समान जाडीच्या रेषांचे नकाशे काढलेले असतात. मग अनेक वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी संगणकाच्या प्रारूपात घालून तोच उद्रेक हजारो वेळा घडवून पाहतात. त्यातून ‘या गावी वर्षभरात १ मिलीमीटरपेक्षा जास्त राख पडण्याची शक्यता इतकी, १० मिलीमीटरची इतकी, १०० मिलीमीटरची इतकी’ असा तक्ता तयार होतो. दुसऱ्या टप्प्यात त्या प्रदेशात काय काय आहे याची मोजदाद होते. तिसऱ्यात प्रत्येक वस्तूसाठी जाडी आणि बिघाडाची शक्यता यांचा आलेख लावला जातो. हा तिसरा टप्पाच सर्वांत कच्चा असतो, कारण तो मागच्या उद्रेकांनंतर प्रत्यक्ष गावांत जाऊन केलेल्या पाहण्यांवर आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांवर उभा असतो. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी यावर फार मोलाचे काम केले आहे.

पाण्याच्या बाबतीत राखेमुळे गढूळपणा वाढतो, आम्लता वाढू शकते आणि गाळण्या तुंबतात. याहून मोठी अडचण अशी की लोक अंगण, छप्पर, गाड्या धुवायला नळ सोडतात आणि टाकी तळाला जाते. जलविद्युत केंद्रात धारदार कण टर्बाइनची पाती झिजवतात. न्यूझीलंडच्या रुआपेहूच्या १९९५-९६ च्या उद्रेकांत रांगिपो केंद्राच्या टर्बाइनना हा फटका बसला. पोफळीच्या जलविद्युत केंद्राला येणारे पाणी कोयनेच्या मोठ्या जलाशयात आधी निवळते, त्यामुळे तेथे हा धोका तुलनेने कमी मानता येईल; अशा फरकांची नोंद आपल्या तक्त्यात असली पाहिजे.

रस्त्यावर मिलीमीटरभर राखेनेही पट्टे दिसेनासे होतात, आणि ओली झाली की चाके घसरतात. खरा प्रश्न ती उचलण्याचा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर राख म्हणजे १०,००० घनमीटर. डंपरमध्ये १० घनमीटर धरले तर १,००० खेपा. सेंट हेलेन्सपासून सुमारे १३५ किलोमीटरवरच्या याकिमा शहराला राख हटवायला १० आठवडे लागले, आणि गटारांत धुऊन गेलेल्या राखेने तेथील सांडपाणी प्रकल्प बिघडवला. जपानमध्ये साकुराजिमाची राख वारंवार पडते, म्हणून कागोशिमा शहरात लोक घराची राख महापालिकेने दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरून ठरलेल्या जागी ठेवतात. आपल्याकडे ती पऱ्यात किंवा वहाळात लोटली जाईल, आणि पहिल्याच सरीला पाखाडीवर परत येईल, अशी मला शंका आहे.

याशिवाय एक चौकट कागदावर बहुतेक वेळा सुटते: कोणती यंत्रणा कोणाच्या जिवावर चालते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हे सर्वांनी पाहिले. वीज गेली म्हणून नळपाणी योजनांचे पंप थांबले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि फोन नसल्याने कोणत्या गावात किती खांब पडले हे कळायलाच वेळ गेला. राखेत यावर आणखी एक पीळ बसतो. डिझेल जनरेटर हा आपला नेहमीचा पर्याय, आणि त्याचाच एअर फिल्टर राखेने तासा-दोन तासांत चोंदू शकतो. म्हणून प्रत्येक यंत्रणेला स्वतंत्र गुण देऊन बेरीज करणारा तक्ता मला दिशाभूल करणारा वाटतो. एक यंत्रणा पडली की पुढे काय काय पडते, ही साखळी काढल्याशिवाय तो अहवाल पुरा मानू नये.

आता कोकण. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्वालामुखीचाच आहे, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पूर्ण थंड. भारतातील एकमेव सक्रिय ज्वालामुखी बॅरन बेट येथून २,२०० किलोमीटरहून दूर आहे आणि हायली गुब्बी सुमारे ३,५०० किलोमीटरवर. हिवाळ्यात वरच्या थरातील वारे पश्चिमेकडून वाहतात म्हणून इथिओपियाची राख भारताकडे आली. पावसाळ्यात दक्षिण भारतावर फार उंचीवरचे वारे पूर्वेकडून असतात, तेव्हा इंडोनेशियाकडे पाहावे लागेल. नोव्हेंबरमधली राख उंचावरूनच निघून गेली. काही विमाने रद्द झाली, जमिनीवरच्या व्यवस्थेला धक्का लागला नाही. कोकणासाठी धोका आज तेवढाच, म्हणजे विमानवाहतुकीचा. तरी राख इतक्या दूर येतच नाही असे मात्र लिहू नका. घाट चढून गेल्यावर जुन्नरजवळ बोरी येथे कुकडी नदीकाठी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत, पण ती राख ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापून आली आहे. असे महाउद्रेक लाखो वर्षांच्या हिशेबात मोजायचे असतात. गुहागरच्या एखाद्या उपकेंद्राचा आराखडा त्यांवर बेतण्यात अर्थ नाही.

आपल्या प्रकल्पासाठी माझे मत असे. जाडीच्या शक्यतेचा भाग जावा बेटावरील योग्यकर्त्यासारख्या शहरावर करा. २०१४ च्या फेब्रुवारीत केलुद ज्वालामुखीची राख सुमारे २०० किलोमीटर जाऊन तेथे पडली होती आणि विमानतळ बंद ठेवावा लागला होता. इन्सुलेटरचा भाग मात्र इथेच करा, कारण मीठ आणि राख एकाच मापाने मोजता येतात. ठरावीक क्षेत्रफळावरचा थर ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, आणि ती किती मिठाइतकी आहे हे चौरस सेंटिमीटरमागे मिलिग्रॅममध्ये मांडायचे. न विरघळणारा गाळ गाळून, सुकवून वेगळा तोलायचा, कारण पाणी धरून ठेवतो तो गाळ, आणि राखेत तोच जास्त असतो. अतिप्रदूषित जागी प्रत्येक किलोव्होल्टमागे ३१ मिलीमीटर पृष्ठमार्ग (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर) असलेले इन्सुलेटर वापरण्याची शिफारस आहे आणि कमी प्रदूषणाच्या जागी १६. आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात कोणते बसवले आहेत ते आधी पाहा.

नमुने मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी घ्या, एक जागा समुद्रालगत आणि दुसरी आत दहा-बारा किलोमीटरवर. खांबावरच्या चालू इन्सुलेटरला हात लावू नका. उपकेंद्राच्या अभियंत्यांची लेखी परवानगी घेऊन, वीज न जोडलेली एक डिस्क उघड्यावर टांगून ठेवा आणि तीच धुवा.