मेथड्सपासून सुरू कर, आजच

प्रिय बेटा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. सबमिशनला तीन आठवडे राहिले, डेसर्टेशनचा एक चॅप्टर धड झाला नाही, लॅपटॉप उघडला की जिवावर येते, मावशी मी आळशी आहे का. नाही गं. जी पोरगी जानेवारीच्या थंडीत सकाळी सहाला थर्माकोलचा डबा घेऊन नागपूरच्या अंबाझरी तलावावर पाण्याचे सॅम्पल घ्यायला जायची आणि बोटं गारठलेली असताना काठावरच बाटलीत मॅंगनस सल्फेट अन् अल्कली आयोडाइड टाकून पाण्यातला ऑक्सिजन फिक्स करायची, म्हणजे लॅबमध्ये मोजेपर्यंत तो बदलू नये, तिला कोण आळशी म्हणेल?

तुला भीती वाटून राहिली आहे, एवढंच. लिहिलेलं गाइड सर वाचतील, खोडतील, हे काय लिहिलं म्हणतील, आणि त्या विचाराने पोटात गोळा आला की तू दुसरं काहीतरी हातात घेते, मग जरा बरं वाटते, आणि बरं वाटते म्हणूनच दुसऱ्या दिवशी परत तेच होते. तुझं दुसरं काहीतरी म्हणजे रील्स असते तर मी एवढी काळजी केली नसती. तू अजून पेपर डाउनलोड करून राहिली, ग्राफचे रंग बदलून राहिली. ही सगळ्यात धोक्याची चालढकल आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यात दिवसभर मेहनत केल्यासारखं वाटते आणि घरचेही म्हणतात की पोरगी अभ्यास करून राहिली, तिला डिस्टर्ब करू नका. म्हणून आजपासून नवीन पेपर बंद. जेवढे आहेत तेवढे पुरेत, खरंच पुरेत.

आता इंट्रोडक्शनची फाइल बंद कर. महिनाभर तू त्या पहिल्या पॅराग्राफवर अडून बसली आहे, तो शेवटी लिहायचा असतो. मेथड्स उघड, कारण तिथे विचार करायला काही नाही, हातांनी जे केलं तेच लिहायचं. सॅम्पल कुठून घेतले, नाल्याचं पाणी येते तिकडून, मधून आणि विवेकानंद स्मारकाजवळच्या ओव्हरफ्लोकडून. बाटली कशी भरली, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून काय केलं, रिएजंट टाकल्यावर तपकिरी साका खाली बसेपर्यंत थांबली, मग ॲसिड, मग टायट्रेशन. बीओडी, म्हणजे सूक्ष्मजीव पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात ती टेस्ट, २७ डिग्रीला ३ दिवस ठेवली, आणि परीक्षक हमखास विचारतील की २० डिग्रीला ५ दिवस का नाही, तर आपल्या भारतीय मानकात २७ डिग्री आणि ३ दिवस दिलं आहे हे एक वाक्य तिथल्या तिथे टाकून मोकळी हो. मराठीत सुचलं तर मराठीत लिही, इंग्रजी नंतर करता येते. वाईट लिहिलं तरी चालेल, कोऱ्या पानावर सर करेक्शन तरी कशाचं करतील?

मग रिझल्ट्स. प्रत्येक टेबलखाली काय वाढलं, कधी वाढलं आणि तुला स्वतःला कशाचं नवल वाटलं ते लिही. इंट्रोडक्शन आपोआप येईल, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तिथून सुरू कर, तू तलाव निवडलाच त्यामुळे होता ना.

एक हिशेब मात्र नीट कर. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये थीसिस लिहिणाऱ्या पोरांनाच विचारलं होतं की किती दिवस लागतील, तर सरासरी ३४ दिवस म्हणाले, आणि सगळं बिघडलं तर? तेव्हाही ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५. तेव्हा तुझे तीन आठवडे हे तीन आठवडे नाहीत. शेवटाकडून मोजत ये. बर्डीच्या बाजारात बाइंडिंग, त्याआधी एचओडींची सही, त्याआधी कुठून कॉपी केलं नाही ना हे दाखवणारा प्लेजरिझम रिपोर्ट, त्याआधी सरांचं वाचन, आणि सर एका रात्रीत वाचणार नाहीत, त्यांच्याकडे तुझ्यासारखे बाकीचे पण आहेत. शेवटचा आठवडा गेलाच समज, लिहायला हातात दोन आहेत. त्यातही मे महिना, दुपारी पारा ४५ ला आणि लाइट गेली की कूलर बंद, डोकं चालत नाही आणि मग आपल्याला वाटते आपल्यातच खोट आहे. सकाळी सहा ते नऊ लिही, फोन आईजवळ दे. दुपारी रेफरन्स लावणं, टेबल क्रमाने लावणं असली कामं ठेव.

आणि एप्रिल वाया गेला म्हणून रोज स्वतःला शिव्या देणं थांबव. कॅनडातल्याच मायकल वोल, टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० मध्ये पाहिलं की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्या ज्या पोरांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. मला हे अगदी पटते. शिव्या देत बसलं की लॅपटॉपजवळ जायचं मन अजूनच होत नाही.

सरांना आजच मेसेज टाक, "सर, मेथड्स शुक्रवारी पाठवते, कच्चं असेल." एवढंच, कारणं देत बसू नको. गाइड अर्धवट कामाला तेवढे चिडत नाहीत, पोरगं गायब झालं की चिडतात, त्यांना वाटते याचं काय चाललंय कळायला मार्ग नाही.

त्याआधी मला पाठव. रात्री नऊला मी मेल उघडते, अर्ध पान असलं तरी अर्ध पान. स्पेलिंग पाहणार नाही, इंग्रजी पाहणार नाही, फक्त सॅम्पलिंग समजलं की नाही तेवढं सांगेन.

तुझी,
मावशी